रिकामं पॉलिहाऊस की बंद खोली? सांगली-साताऱ्यात समुद्री मासे आणि प्रवाळ

जरबेरा किंवा ढोबळी मिरची परवडेना म्हणून पॉलिहाऊस रिकामं पडलंय, आणि परदेशातल्या ग्रीनहाऊसमधली प्रवाळशेती बघून डोक्यात किडा वळवळायला लागलाय, अशांसाठी हे लिहितोय. सांगाडा उभा आहे, मग त्यातच टाक्या मांडू, असं वाटणं साहजिक आहे. माझं मत मात्र खोलीच्या बाजूनं आहे.

ग्रीनहाऊसचा खरा फायदा म्हणजे ऊन. प्रवाळाच्या अंगात शेवाळ राहतं, त्याला प्रखर उजेड लागतो. तो एलईडीनं पुरवायचा तर वीजबिल कंबरडं मोडतं, उन्हाचा फुकट मिळतो. पण आपल्याकडे दगडी प्रवाळांच्या सगळ्या जाती, काळं प्रवाळ आणि सी-फॅन (पंख्याच्या आकाराचं प्रवाळ) 2001 सालीच वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातले गेले. वाघही त्याच यादीत आहे. तेव्हा तुकडे करून वाढवायचे आणि विकायचे, हा धंदा इथं होत नाही. मऊ प्रवाळांबद्दल दुकानदार ‘चालतंय की’ म्हणतो. त्याच्या शब्दावर जाऊ नका, वन विभागाकडून लेखी घ्या.

म्हणजे उरला मासा, आणि नवख्यानं सुरुवात क्लाउनफिशपासूनच करावी. कोचीच्या सीएमएफआरआय या केंद्रीय संस्थेनं त्याच्या पैदाशीचं तंत्र बसवलेलं आहे. या माशाला प्रखर उन्हाची गरज नाही, त्यामुळे पॉलिहाऊसची बाजू इथंच लंगडी पडते.

पाणी साधारण 26 ते 28 अंशांवर ठेवावं लागतं. एप्रिल-मेमध्ये सांगलीचा पारा चाळिशीला टेकतो आणि पॉलिहाऊसच्या प्लास्टिक फिल्मच्या आत त्याहून वर जातो. फॅन-पॅड, म्हणजे ओल्या पॅडमधून हवा ओढून गारवा करणारे पंखे, कोरड्या हवेत चांगलं काम करतात. एक लिटर पाण्याची वाफ झाली, तर जवळजवळ 580 लिटर पाणी एका अंशानं उतरेल इतकी उष्णता ती घेऊन जाते. पण शेतीची थ्री-फेज लाईट ठरावीक तासांचीच, आणि भर दुपारी पंखे बंद पडले की पातळ फिल्म काहीच अडवत नाही. विटांच्या खोलीला वर पफ पॅनेल (उष्णता अडवणारे फोमचे पत्रे) आणि दीड टनाचा एसी असेल, तर लाईट गेल्यावर जनरेटर सुरू करायला उसंत मिळते. एअर पंपाला इन्व्हर्टर दोन्हीकडे लागतोच.

दुसरं कारण पिल्लांचं. जोडी फरशीच्या तुकड्यावर नारिंगी अंडी चिकटवते, नर परांनी वारा घालत राखण करतो. अंड्यांतले डोळे चंदेरी चमकायला लागले की समजायचं, आता फुटणार. सातव्या-आठव्या रात्री, अंधार पडल्यावर पिल्लं बाहेर येतात. त्याआधी काही तास फरशी पिल्लांच्या टाकीत हलवायची. खाद्य म्हणून पहिले दिवस रोटिफर (पाण्यातले सूक्ष्म जीव), मग आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे बारीक जीव). या दिवसांत उजेड एकसारखा लागतो. एका बाजूनं ऊन आलं की पिल्लं टाकीच्या भिंतीलाच जाऊन भिडतात आणि खाणं चुकतं. खोलीत टायमर लावला की काम झालं.

रोटिफरला खायला लागणारं हिरवं पाणी, म्हणजे सूक्ष्म शेवाळ वाढवलेलं पाणी, मात्र पॉलिहाऊसच्या एका कोपऱ्यात, शेडनेटखाली, मजेत होतं. टाक्या जीआय (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी) पाइपांखाली ठेवू नका. पहाटे फिल्मवरचं दव पाइपावरून ओघळून टाकीत पडतं, त्यात जस्त उतरतं आणि रोटिफरसारख्या बारीक जिवांना ते बाधतं.

सातारा की सांगली? साताऱ्याचा उन्हाळा सौम्य, पुणं जवळ, म्हणून एसीचा आणि वाहतुकीचा खर्च कमी. पण डिसेंबर-जानेवारीत हीटर लागतात, आणि चाळकेवाडीकडे पवनचक्क्या फिरवणारा वारा फिल्म टिकू देईल असं वाटत नाही. खोलीच बांधायची असेल तर मी साताराच निवडेन. सांगलीत जागा पूररेषेच्या बाहेर हवी, 2019 चा महापूर आठवत असेलच.

सांगलीकरांसाठी आणखी एक गोष्ट, आणि ती सगळ्यांत महाग पडू शकते. हजार लिटर समुद्राच्या पाण्यात 35 किलो मीठ असतं. पाच हजार लिटरच्या टाक्यांत आठवड्याला दहा टक्के पाणी बदललं, तर साडेसतरा किलो मीठ बाहेर पडणार. मिरज, वाळवा भागात क्षारपड जमिनीनं आधीच लोक बेजार आहेत. ते पाणी उसाच्या सरीत किंवा शोषखड्ड्यात सोडलं, तर शेजारी दारात येऊन भांडेल, आणि बरोबरच करेल. जाड ताडपत्रीच्या उथळ हौदात ते आटवायचं आणि मीठ खरवडून बाजूला काढायचं. त्यासाठी वरून पाऊस न लागणारी तापट जागा हवी. रिकाम्या पॉलिहाऊसला मी हे काम देईन. पाइप गंजतील, पण त्यांचे पैसे तसेही वसूल झालेले असतात.