वीज पिणाऱ्या हेडफोनसाठी कोणता स्वस्त ॲम्प पुरेल?

ॲम्पच्या खोक्यावर ठळक छापलेला वॉटचा आकडा बहुतेक वेळा १६ किंवा ३२ ओहमवरचा असतो (ओहम हे हेडफोनच्या विद्युत रोधाचं माप). तुमचा हेडफोन ५०, ३०० किंवा ६०० ओहमचा असेल, तर त्या आकड्यावरून काहीच ठरत नाही. आधी हेडफोनला किती व्होल्ट आणि किती मिलिअँपिअर लागतात ते काढा, मग ॲम्पकडे वळा.

संगीत सरासरी ८५ डेसिबलला ऐकलं, तरी ड्रमचा एखादा ठोका क्षणभर २०-२५ डेसिबलने वर उसळतो. थोडी मोकळीक धरून ११५ डेसिबलचे ठोके न फाटता यायला हवेत. हायफायमॅन एचई-६ घ्या: ५० ओहम, १ मिलिवॉटला ८३.५ डेसिबल. उरलेले ३१.५ डेसिबल गाठायला सुमारे १,४०० मिलिवॉट लागतात, म्हणजे ८.४ व्होल्ट आणि १६८ मिलिअँपिअर. बायरडायनॅमिक डीटी ८८० चं ६०० ओहमचं मॉडेल १ मिलिवॉटला ९६ डेसिबल देतं. त्याला ८० मिलिवॉट पुरतात, पण तेवढ्यासाठी ६.९ व्होल्ट लागतात. करंट मात्र जेमतेम १२ मिलिअँपिअर. दोघांनाही ‘जड’, म्हणजे चालवायला कठीण, म्हणतात, पण एकाला व्होल्ट आणि करंट दोन्ही भरपूर लागतात, तर दुसऱ्याला फक्त व्होल्ट.

इथे एक फसगत हमखास होते. काही कंपन्या संवेदनशीलता, म्हणजे ठरावीक विजेवर किती आवाज निघतो ते, १ मिलिवॉटला सांगतात, काही १ व्होल्टला. एकेजी के७०२ चे १०५ डेसिबल हे १ व्होल्टचे आहेत. ६२ ओहमवर मिलिवॉटच्या हिशेबात ते ९३ च होतात. सेनहायझर एचडी ६५० चे १०३ सुद्धा १ व्होल्टचेच. एकक न बघता आकडे शेजारी ठेवले, की के७०२ हलका वाटतो आणि घरी आणल्यावर आवाज पडतो.

आता ॲम्प. ओ-टू हा २०११ सालचा खुला आराखडा, आजही सुट्या भागांतून बांधता येतो. तो ३३ ओहमवर ६१३ मिलिवॉट आणि ६०० ओहमवर ८८ मिलिवॉट देतो, म्हणजे साधारण ७ व्होल्टची कमाल. डीटी ८८० ला तो ११५ डेसिबलपर्यंत नेतो. एचई-६ वर त्याची करंटची मर्यादा आधी आडवी येते आणि ११३ च्या आसपास तो थांबतो. जेडीएस लॅब्जचा पहिला ॲटम ३२ ओहमवर १ वॉट आणि ६०० ओहमवर १२५ मिलिवॉट देतो. त्याची कमाल ८.७ व्होल्टची, त्यामुळे एचई-६ साठी कागदावर तो अगदी काठावर पुरतो. शीट मॅग्नी हेरेसी ३२ ओहमवर २.४ वॉट देतो. हा आकडा ॲटमच्या अडीचपट दिसतो, पण त्याचे व्होल्ट काढले तर ८.८ च भरतात. म्हणजे ५० ओहमवर दोघेही दीड वॉटच्या आसपास. हेरेसीची खरी आघाडी ३२ ओहमवर दिसते, तीही ४ डेसिबलपेक्षा थोडी कमीच. एचई-६ साठी या दोघांत निवडताना वॉटवरून वाद घालण्यात अर्थ नाही. व्हॉल्यूमची खुंटी आणि जोडण्या बघून घ्या. ही दोन्ही मॉडेलं आता बंद झाली आहेत; यांच्या पुढच्या आवृत्त्याही याच हिशेबाने तपासा.

सोर्स, म्हणजे ॲम्पला सिग्नल देणारं यंत्र, विसरू नका. ॲटमचा जास्तीत जास्त गेन, म्हणजे सिग्नल वाढवण्याचं प्रमाण, ४.५ पट आहे. डॅक (डिजिटल संगीताचा ॲनालॉग सिग्नल करणारं यंत्र) २ व्होल्ट देत असेल तर ९ व्होल्टपर्यंतची मागणी होते, ते ठीक. पण १ व्होल्टचा डोंगल (फोनला लावायचा छोटा डॅक) लावला की ४.५ व्होल्टवरच खुंटी संपते आणि एचई-६ ११० डेसिबलच्या आतच राहतो. ॲम्प कमजोर आहे असं वाटतं, पण कमी पडतो तो डोंगल.

ओ-टूची अडचण उलटी. त्याचा गेन व्हॉल्यूमच्या आधी येतो. २ व्होल्टच्या डॅकला ६.५ पट गेन दिला की १३ व्होल्टची मागणी होते आणि आतल्या आतच सिग्नल फाटतो. ओळखायची खूण अशी: व्हॉल्यूम कमी करूनही खरखर तशीच राहिली तर गेन जास्त आहे, आवाज उतरवताच ती गेली तर आउटपुट कमी पडतंय. २ व्होल्टच्या सोर्ससाठी ३.५ पट गेनचे रेझिस्टर बसवा, बरोबर ७ व्होल्ट होतात. आणि अडॅप्टर एसी आउटपुटचाच हवा, हे ॲटमलाही लागू. पिन बसते म्हणून डीसीचा अडॅप्टर खुपसला, तर प्लस-मायनस दोन्ही पुरवठे तयारच होत नाहीत.

एचई-६ ला आणखी दम हवा असेल, तर छोटा स्पीकर ॲम्प हा सगळ्यात स्वस्त मार्ग. ८ ओहमवर २० वॉट देणारा ॲम्प साडेबारा व्होल्ट काढतो; ५० ओहमवर ते ३ वॉटच्या वर जातात. पण टीपीए३११६ चिपवाल्या बहुतेक क्लास-डी ॲम्पमध्ये प्रत्येक चॅनलच्या दोन्ही तारांवर सिग्नल असतो, काळी तार ग्राउंड नसते. नेहमीच्या तीन कप्प्यांच्या हेडफोन पिनमध्ये डाव्या-उजव्या चॅनलच्या परतीच्या तारा एकत्र येतात. त्या इथे जोडल्या तर दोन चॅनलची आउटपुट एकमेकांवर शॉर्ट होतात आणि चिप जाऊ शकते. म्हणून चार स्वतंत्र तारांची केबलच वापरा. हेडफोन लावण्याआधी मल्टिमीटरने प्रत्येक चॅनलच्या दोन टोकांमधला डीसी मोजा: २० मिलिव्होल्टच्या आत उत्तम, ५० च्या वर असेल तर लावू नका. आवाज शून्यावरून हळूहळू चढवा. संवेदनशील हेडफोन चुकूनही इथे लावू नका. कान आणि ड्रायव्हर (हेडफोनमधला आवाज काढणारा भाग) दोन्ही धोक्यात येतात.

आउटपुट ट्रान्सफॉर्मर नसलेले व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्यांचे) ॲम्प ३०० आणि ६०० ओहमला छान जमतात, तिथे व्होल्टच हवे असतात. बॉटलहेड क्रॅकसारख्या ॲम्पचा स्वतःचा रोध १०० ओहमच्या पुढे आहे. एचडी ६५० चा रोध खालच्या सुरांत ३०० वरून बराच वर चढतो, त्यामुळे तिथे बास थोडा फुगतो. काहींना तोच आवडतो. एचई-६ ला मात्र हा ॲम्प नको. त्याचा रोध सगळीकडे सपाट असल्याने सूर बदलत नाहीत, पण निम्म्याहून जास्त व्होल्ट ॲम्पच्या आतच खर्ची पडतात आणि १६८ मिलिअँपिअर तर त्या व्हॉल्व्हच्या आवाक्यातच नाहीत.