बॅड सेक्टर पडलेल्या डिस्कसाठी जीएनयू डीडीरेस्क्यू

जीएनयू डीडीरेस्क्यू हा प्रोग्राम बॅड सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे वाचता न येणारे छोटे कप्पे, दुरुस्त करत नाही आणि तसा दावाही करत नाही. मरणपंथाला लागलेल्या डिस्कमधून जेवढे वाचता येईल तेवढे, डिस्कला कमीत कमी त्रास देऊन दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेणे एवढेच त्याचे काम आहे. अंतोनियो डियाझ डियाझ यांनी २००४ पासून सांभाळलेला हा प्रोग्राम जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअर परवान्याखाली विनामूल्य मिळतो, आणि घरगुती वापरासाठी या कामाला याहून भरवशाचे साधन माझ्या पाहण्यात नाही. मी तो एका जुन्या डेस्कटॉपमधील १ टीबीच्या डिस्कवर वापरला. या डिस्कवर घरातले फोटो होते आणि फोल्डर उघडताना संगणक मिनिटभर गोठत असे.

हा गोठण्याचा प्रकार समजून घेतला, तर प्रोग्रामचे महत्त्व लक्षात येते. एखादे सेक्टर वाचता आले नाही की डिस्क स्वतःच पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहते, आणि साध्या डेस्कटॉप डिस्कमध्ये हा हट्ट एका सेक्टरसाठी बरेच सेकंद चालू शकतो. अखेर हार मानून ती त्या सेक्टरची नोंद ‘पेंडिंग’ म्हणून करते. डिस्क स्वतःच्या तब्येतीचा जो ‘स्मार्ट’ अहवाल ठेवते, त्यात १९७ क्रमांकापुढे दिसणारा आकडा तो हाच. त्या जागी पुन्हा काही लिहिले गेले, तरच जागा चांगली आहे की नाही हे ठरते, आणि नसेल तर राखीव साठ्यातले सेक्टर तिच्या बदल्यात दिले जाऊन ५ क्रमांकाचा आकडा वाढतो. म्हणजे फॉरमॅट मारल्यावर किंवा शून्ये भरल्यावर बॅड सेक्टर ‘गेले’ असे जे वाटते, त्यात जागा बदललेली असते आणि जुना मजकूर कायमचा गेलेला असतो. दुकानात ‘बॅड सेक्टर काढून देतो’ असे कोणी म्हणाले, तर ते काढण्याआधी डेटाची प्रत घेणार का, हे स्पष्ट विचारून घ्यावे.

नेहमीच्या कॉपी-पेस्टमध्ये पहिल्याच खराब फाइलवर गाडी अडते, आणि ती तिथे अडून बसलेली असताना डिस्कचा शिल्लक जीव त्याच जागेवर खर्ची पडतो. डीडीरेस्क्यूची खुबी क्रमात आहे. पहिल्या टप्प्यात तो मोठमोठे तुकडे भराभर उचलतो आणि चूक आली की तिथे न रेंगाळता पुढे उडी मारतो. चुका सलग येत राहिल्या तर उडी लांबवतो, आणि सुटलेला भाग पुढच्या फेरीत उलट्या दिशेने, मागून पुढे वाचून पाहतो. चांगला भाग असा हाती आल्यानंतरच तो खराब पट्ट्यांच्या दोन्ही कडा कातरतो, मग आतला भाग एकेक सेक्टर करून खरवडतो, आणि आपण सांगितले असेल तरच अगदी शेवटी पुन्हा प्रयत्न करतो. डिस्क मध्येच बंद पडली तरी बहुतेक डेटा तोवर बाहेर आलेला असण्याची शक्यता यामुळे बरीच वाढते.

याला जोड मिळते ती मॅपफाइलची. डिस्कचा कोणता भाग मिळाला, कोणता अजून पाहिलेला नाही आणि कोणता खराब ठरला, याची +, ?, - अशा चिन्हांनी लिहिलेली ही साधी मजकूर फाइल आहे. डिस्क तापली, वीज गेली किंवा आपणच काम थांबवले, तरी तीच आज्ञा त्याच मॅपफाइलसह पुन्हा दिली की काम राहिले तिथून सुरू होते. मॅपफाइल न देता प्रोग्राम चालवता येतो, पण तसे करणे म्हणजे त्याचा अर्धा उपयोग फेकून देणे होय. पहिली फेरी ‘-एन’ हा पर्याय देऊन, म्हणजे खरवडणे टाळून घ्यावी, आणि ‘-डी’ (डिस्क थेट वाचणे) व ‘-आर३’ (तीनदा पुन्हा प्रयत्न) हे पर्याय दुसऱ्या फेरीसाठी राखून ठेवावेत.

नवख्या माणसासाठी मात्र हा प्रोग्राम निष्ठुर आहे. खिडक्या-बटणे नाहीत, सगळे काम टर्मिनलवर आज्ञा टाइप करून चालते, आणि विंडोजवर तो थेट चालत नसल्यामुळे सिस्टमरेस्क्यूसारखे लाइव्ह लिनक्स (इन्स्टॉल न करता चालणारे) पेनड्राइव्हवरून सुरू करावे लागते. डेबियन व उबुंटू या लिनक्सच्या प्रकारांमध्ये पॅकेजचे नाव ‘जीडीडीरेस्क्यू’ आणि आज्ञा मात्र ‘डीडीरेस्क्यू’, हा घोळ वेगळाच. सगळ्यात मोठा धोका स्रोत आणि लक्ष्य यांच्या अदलाबदलीचा आहे, कारण ‘-एफ’ दिल्यावर प्रोग्राम लक्ष्य डिस्कवर बेधडक लिहितो. तेव्हा संगणकाने डिस्कना दिलेल्या नावांवर विसंबू नये, दोन्ही डिस्कचे सीरियल क्रमांक ताडून पाहावेत. लक्ष्य डिस्क मूळ डिस्कएवढी किंवा तिच्याहून मोठी हवी, आणि मूळ डिस्क माउंट केलेली, म्हणजे फाइली उघडण्यासाठी जोडलेली, नसावी. शक्य असेल तर ती यूएसबी केबलने न जोडता थेट मदरबोर्डच्या साटा पोर्टला लावावी, कारण स्वस्त अडॅप्टर वाचनातल्या चुकांवर बहुधा लटकून बसतात.

विंडोजमधील चेकडिस्क या डिस्क तपासणाऱ्या आज्ञेशी डीडीरेस्क्यूची तुलना नेहमी केली जाते, पण ती जुळत नाही. ‘/आर’ देऊन चालवलेली चेकडिस्क फाइल सिस्टम नीट करण्यासाठी त्याच डिस्कवर लिहिते, आणि ढासळत्या डिस्कवर प्रत घेण्याआधी असे लिहिणे माझ्या मते घातक आहे. ती चालवायचीच तर प्रतीवर चालवावी. हरवलेले पार्टिशन शोधण्यासाठी टेस्टडिस्क, तेही प्रतीवरच. फोटोरेक मात्र शेवटचा उपाय मानावा, कारण तो फाइली परत देतो पण त्यांची नावे देत नाही, आणि ‘आजीची पंच्याहत्तरी’ या फोल्डरच्या जागी आकडी नावांचा ढीग हाती येतो.

पडद्यावर दिसणाऱ्या टक्केवारीने हुरळून जाऊ नये, ही एक तक्रारवजा सूचना. १ टीबीच्या डिस्कवर ९९.९९ टक्के म्हणजे अजून १०० एमबी मिळायचे आहेत, आणि ते एका चित्रपटाच्या फाइलमध्ये आहेत की शेकडो फोटोंमध्ये विखुरलेले आहेत, हे तो आकडा सांगत नाही. त्यासाठी ‘फिल मोड’ आहे: मॅपफाइलमध्ये खराब ठरलेल्या जागांवर प्रतीमध्ये एखादा ठरावीक शब्द भरून घ्यायचा आणि मग तो शब्द ज्या फाइलींत सापडेल त्यांची यादी काढायची. माझ्या बाबतीत ही यादी छोटी निघाली आणि त्यातले बरेच फोटो फोनमधून परत मिळाले. ही सोय पुस्तिकेत इतक्या आत दडलेली आहे की बहुतेकांना तिचा पत्ताच लागत नाही.

डिस्कमधून टकटक आवाज येत असेल किंवा ती बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) दिसतच नसेल, तर हा प्रोग्राम सुरूही करू नये. अशा वेळी बिघाड तबकडी वाचणाऱ्या हेडमध्ये किंवा सर्किटमध्ये असण्याची शक्यता जास्त असते, चालू ठेवलेल्या प्रत्येक मिनिटाला तबकडीवर ओरखडे पडू शकतात, आणि डेटा मोलाचा असेल तर क्लीन रूम (धूळविरहित खोली) असलेल्या प्रयोगशाळेचा खर्च सोसण्याला पर्याय राहत नाही.