आईसाठी घेतलेला मोठ्या बटणांचा फोन: आठ महिन्यांच्या वापरानंतर

माझी आई ७९ वर्षांची असून साताऱ्यात एकटी राहते. तिचा आधीचा टचस्क्रीन फोन तिला जड जात होता, पण तो समजत नव्हता म्हणून नव्हे. उतारवयात बोटांची त्वचा कोरडी पडते, कोरड्या बोटाचा स्पर्श पडद्याला नीट कळत नाही, मग माणूस जोर लावून अधिक वेळ दाबतो आणि फोन तेवढ्यावरून भलतेच काहीतरी उघडतो. गेल्या दिवाळीत पुण्यातील एका दुकानातून आम्ही 'ज्येष्ठांसाठी खास' असे खोक्यावर छापलेला साधा फोन घेतला. कंपनीचे नाव मी मुद्दाम देत नाही. त्या दिवशी याच धाटणीचे चार-पाच फोन हाताळून पाहिले आणि त्यांचे गुणदोष फारसे वेगळे नव्हते.

दुकानात आई माझ्या शेजारी बसली होती, तरी विक्रेता सगळे मलाच विचारत होता: काकूंना दिसते का, काकूंना मेसेज वाचता येतात का. शेवटी आईनेच फोन हातात घेतला आणि म्हणाली, "अरे बाळ, मला विचार ना, वापरायचा तर मीच आहे." हा प्रसंग सांगतो आहे, कारण पुढे फोन वापरताना मला त्याची वारंवार आठवण झाली.

आधी चांगले ते सांगतो. बटणे खरोखर मोठी आहेत, दोन बटणांमध्ये पुरेशी जागा आहे, ५ च्या बटणावर उंचवटा आहे आणि दाबल्यावर 'टक्' असे बोटाला जाणवते. चार्जिंगसाठी छोटी बैठक दिली आहे. फोन नुसता तिच्यावर ठेवायचा, बारीक पिन बारीक भोकात खुपसण्याची कसरत नाही. आईचा हात किंचित थरथरतो, त्यामुळे या एका सोयीसाठी मी कंपनीला मनापासून धन्यवाद देईन. विजेरी लावायला बाजूला सरकवायचा खटका आहे, तोही अंधारात चाचपून सापडतो.

घंटीच्या बाबतीत मात्र विचार कमी पडला आहे. वय वाढते तसे आधी वरच्या पट्टीतले, बारीक आवाज ऐकू येईनासे होतात. या फोनची घंटी मोठी आहे, पण जवळपास सगळ्या धून किणकिणत्या आणि तीक्ष्ण आहेत. स्वयंपाकघरात असलेल्या आईला फोन ऐकू येत नाही आणि शेजारच्या काकू भिंतीपलीकडून "अहो, तुमचा फोन वाजतोय" असे सांगतात. बऱ्याच शोधानंतर जुन्या घरगुती फोनसारखी जाड आवाजाची एक धून सापडली, ती आता कायम ठेवली आहे. आवाज वाढवण्याऐवजी पट्टी खाली आणायची होती, आणि हे कानाचे यंत्र वापरणाऱ्या कोणाही आजी-आजोबांनी पाच मिनिटांत सांगितले असते.

मराठी मेनूची तीच गत आहे. 'मिस्ड कॉल' ला 'गमावलेला कॉल' म्हटले आहे, आणि यादी पुसण्यासाठी 'स्वच्छ करा' असे लिहिले आहे. आई निवृत्त शिक्षिका आहे, तिचे मराठी माझ्यापेक्षा चांगले आहे, तिने मला विचारले, "यात स्वच्छ काय करायचं?" नंबर दाबताना फोन अंक बोलून दाखवतो, ही कल्पना फार चांगली, पण तो बोलतो हिंदीत. वहीतला नंबर मनात 'दोन, सहा' असे म्हणत ती दाबते आणि कानावर 'दो, छह' पडते. दोन-तीनदा तिची लय चुकली, मग तिने ती सोय बंदच करायला लावली.

मागच्या बाजूचे लाल एसओएस बटण हे या फोनचे मोठे आकर्षण. ते दाबून धरले की भोंगा वाजतो, पाच जणांना संदेश जातो आणि एकामागून एक फोन लागतात. एकदा पिशवीतल्या पिशवीत ते दाबले गेले आणि देवळात कीर्तन चालू असताना भोंगा सुरू झाला. तेव्हापासून ती फोन बाहेर न्यायलाच तयार नव्हती. शिवाय संदेश इंग्रजीत जातो आणि तो देवनागरीत लिहिता येत नाही. सगळ्यात आधी धावून येतील त्या शेजारच्या काकूंना इंग्रजी वाचता येत नाही. अखेर भोंगा बंद करून फक्त फोन लागण्याची सोय ठेवली.

याहून चांगले करणे अशक्य नाही. जपानमध्ये एनटीटी डोकोमो या मोबाइल सेवा कंपनीचा, फुजित्सूने घडवलेला 'राकु-राकु' फोन २००१ पासून मिळू लागला; राकु म्हणजे सोपे, आरामाचे. पुढे या फोनमध्ये समोरच्याचे बोलणे किंचित संथ करून ऐकवण्याची सोय आली, आणि २०१२ च्या टचस्क्रीन राकु-राकु फोनमध्ये पडद्याला नुसता हात लागणे आणि ठरवून दाबणे यांतला फरक फोनला कळत असे. अमेरिकेत २००६ मध्ये आलेल्या 'जिटरबग' फोनमध्ये घरच्या फोनसारखा डायल टोन ठेवला होता, कारण आयुष्यभर तो ऐकलेल्या माणसाला फोन चालू असल्याची खात्री त्यानेच पटते. असे तपशील वापरणाऱ्याच्या शेजारी बसल्याशिवाय सुचत नाहीत.

माझी खरी तक्रार त्याहून मोठी आहे. हा फोन बनवणाऱ्यांनी म्हातारपण म्हणजे पडणे, आजारपण आणि मदतीसाठी हाक एवढेच धरले आहे. आईला तर रात्री नागपूरच्या नातीचा चेहरा बघायचा असतो आणि भजनी मंडळाच्या गटावर आलेले अभंग ऐकायचे असतात. म्हणून तिचा जुना टचस्क्रीन फोन मी पुन्हा काढला. अँड्रॉइडच्या सुलभता सेटिंगमध्ये बोट किती वेळ टेकवल्यावर दीर्घ दाब धरायचा हे ठरवता येते. तो वेळ सर्वांत जास्त ठेवला, अक्षरे मोठी केली, पहिल्या पानावर चारच चित्रे ठेवली. अर्धा त्रास तिथेच संपला. आता बोलायला बटणांचा फोन आणि बघायला-ऐकायला दुसरा, असे दोन्ही तिच्या उशाशी असतात.

घेणाऱ्यांनी एक गोष्ट आधी विचारून घ्यावी. अशा फोनपैकी काही अजून फक्त टू-जीवर चालतात आणि त्यांत जिओचे सिम चालत नाही. आमचे पहिले सिम त्यामुळेच बदलावे लागले. आणि ज्यांच्यासाठी घ्यायचा त्यांना दुकानात न्यावे, दहा आकडी नंबर त्यांच्याच अंगठ्याने दाबू द्यावा, घंटी दुकानाच्या दारात उभे करून ऐकवावी.

फोनमध्ये काय बदलावे हे आईने वहीत स्वतः लिहून काढले आहे: घंटी जाड आवाजाची, अंक मराठीत, लाल बटणावर झाकण, आणि नातीचा चेहरा दिसेल एवढा पडदा. ते पान मी कंपनीला पाठवले आहे, खाली तिची सही आणि वय घालून.