पावसाळ्यात फिजी: छोटं बेट की कोरल कोस्ट?

ऑकलंड-सिडनीकडे राहणाऱ्या आपल्या लोकांचा फिजीचा प्लॅन बहुतेक वेळा नको त्या मोसमातच ठरतो आणि त्याला इलाज नाही. मुलांच्या मोठ्या सुट्ट्या डिसेंबर-जानेवारीत, भारतातून आईबाबा येतात तेही इथली थंडी टाळून नेमके तेव्हाच, आणि फिजीचा पावसाळा नोव्हेंबर ते एप्रिल. मे ते ऑक्टोबरमध्ये जा असं जो तो सांगतो, बरोबरच सांगतो, पण तेव्हा रजा कोण देणार? त्यामुळे जायचं की नाही हा प्रश्नच नसतो, जायचंच असतं, प्रश्न एवढाच की पश्चिमेकडच्या मामानुथा बेटांपैकी एखाद्या छोट्या बेटावर राहायचं की विती लेवू या मुख्य बेटाच्या दक्षिण किनाऱ्याला, म्हणजे कोरल कोस्टला. मी दोन्हीकडे पावसाळ्यातच राहिलोय, आईला बरोबर घेऊन, आणि माझं मत थोडं तिच्या गुडघ्यांवरून बनलंय हे आधीच सांगून ठेवतो.

आधी पावसाचं बघू, कारण त्यावरून बरीच दिशाभूल होते. विती लेवूच्या मधोमध डोंगर आहेत, सगळ्यात उंच तोमानिवी १३२४ मीटर. आग्नेयेकडून येणारे वारे राजधानी सुवाच्या बाजूने या डोंगरांवर चढतात आणि तिकडेच रिकामे होतात. सुवाला वर्षाला ३००० मिमीच्या आसपास पाऊस आणि पश्चिमेला, जिथे विमान उतरतं त्या नांदीला २००० च्या आत, कोकण आणि देशासारखंच झालं हे. म्हणून एजंट सांगतात की पश्चिमेला जा, तिकडे कोरडं असतं. खरंय, पण वर्षभराचा हिशोब धरला तर. पावसाळ्यात साउथ पॅसिफिक कन्व्हर्जन्स झोन नावाचा ढगांचा लांबलचक पट्टा फिजीवर येऊन बसतो आणि मग डोंगराची ही बाजू ती बाजू असं फारसं राहत नाही, जानेवारी ते मार्च नांदीतही महिन्याला ३०० मिमीच्या आसपास पडतो. मामानुथाची बेटं लहान आणि बसकी, ढग अडवायला उंच डोंगर नाहीत, त्यामुळे तिथे नांदीपेक्षाही कमी. कोरल कोस्ट नांदी आणि सुवा यांच्या मध्ये, आणि जसजसं सुवाकडे सरकाल तसतसा ओला, पॅसिफिक हार्बरपर्यंत गेलात तर चांगलाच ओला. थोडक्यात पावसाच्या बाबतीत बेट जिंकतं, वाद नाही.

पाण्याच्या बाबतीतही बेटच जिंकतं. तिथे नदी नाही, म्हणजे पाऊस पडून गेल्यावर गढूळ पाणी समुद्रात आणणारं कुणी नाही. सकाळी धो धो पडून गेला तरी दुपारी स्नॉर्केलला उतरा, खालचं कोरल स्वच्छ दिसतं, आणि पाणी इतकं कोमट की पाऊस चालू असतानाच उतरलेलं बरं वाटतं. फक्त मांटा रे (पंखांसारखे पर असलेले अवाढव्य चपटे मासे) बघायला मामानुथाच्या उत्तरेला यासावा बेटांवर जायचं असं डोक्यात असेल तर ते काढून टाका, त्यांचा सीझन साधारण मे ते ऑक्टोबर. ब्रोशरवर फोटो बाराही महिने असतो.

मग अडलं कुठे? बोटीत.

म्हणजे मोठ्या बोटीत नाही. नांदीजवळच्या डेनाराऊच्या धक्क्यावरून सुटणारी कॅटमरान मस्त असते, एसी, चहा-कॉफी, काही तक्रार नाही. गंमत पुढे सुरू होते. मामानुथातल्या बऱ्याच बेटांना आणि यासावातल्या जवळजवळ सगळ्याच बेटांना मोठी बोट लागेल असा धक्का नाही. बोट समुद्रात उभी राहते, बेटावरून एक छोटी उघडी होडी येते, ती बोटीच्या कडेला चिकटते, दोन्ही आपापल्या तालात खालीवर होत असतात आणि तुम्ही मधल्या फटीवरून पाऊल टाकायचं असतं. ऊन असेल, समुद्र शांत असेल तर यात मजा आहे, मुलं तर खूषच होतात. पण पावसाळ्यात वारा असतो, फळ्या निसरड्या असतात, डोळ्यावर पाणी येत असतं, आणि सत्तरीकडे झुकलेली बाई एका हाताने साडी आणि दुसऱ्या हाताने खलाशाचा दंड धरून उभी असते. ते खलाशी फार चांगले, आधी हसवतात आणि मग अलगद उचलून ठेवल्यासारखं ठेवतात, आईला त्यांनी पडू दिलं नाही. पण होडी किनाऱ्याला लागली की शेवटचे काही फूट गुडघाभर पाण्यातून चालायचं, चपला हातात, आणि सामान मागच्या होडीतून निळ्या ताडपत्रीखाली येतंय, कोरडं येईल अशी आशा. स्वागताला गिटार वाजवत बुला बुला चालू असतं. आईचा चेहरा मी बघितला आणि मला तेव्हाच कळलं की ही आता परत जायच्या दिवसापर्यंत ह्याच होडीचा विचार करत बसणार.

तसंच झालं. रोज सकाळी उठून समुद्राकडे बघायचं, आज लाटा किती, परवा किती असतील. मीही फोनवर वाऱ्याचा अंदाज बघायला लागलो. पाऊस बोट थांबवत नाही, वारा थांबवतो, आणि वाऱ्याचा निर्णय बोटवाले आदल्या संध्याकाळी किंवा त्याच दिवशी सकाळी घेतात, त्यात त्यांचं काही चुकत नाही. पण मग परतीच्या फ्लाइटच्या दिवशीच बेट सोडायचं ही रिस्क घेता येत नाही, एक रात्र आधी नांदीला येऊन राहावं लागतं. जातानाही तेच, फ्लाइट संध्याकाळी उतरली तर त्या दिवसाच्या बोटी गेलेल्या असतात. म्हणजे आठवड्याच्या ट्रिपमधल्या दोन रात्री एअरपोर्टजवळच्या हॉटेलात. सुक्या सीझनमध्ये यातली निदान एक वाचवता येते, पावसाळ्यात मी तरी वाचवणार नाही.

तुम्ही दोघंच असाल, एकेक पाठपिशवी घेऊन जाणारे, तर वरचं सगळं सोडून द्या, तुम्हाला त्याचं काही वाटणार नाही.

आता कोरल कोस्ट. नांदीहून क्वीन्स रोडने निघालात की तासा-सव्वा तासात सिंगातोका, त्याच्या थोडं पुढे कोरोटोंगो, आणि पुढे सुवापर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने रिसॉर्ट, होमस्टे, छोटी मोटेलं. गाडी दारात थांबते, सामान खोलीत जातं. हे एवढं एक वाक्य माझ्यासाठी पुरेसं होतं खरं तर, पण दोष सांगायला पाहिजेत.

पहिला दोष म्हणजे भरती-ओहोटी, आणि हा ब्रोशरमध्ये कुणी सांगत नाही. कोरल कोस्टला प्रवाळाची भिंत किनाऱ्याच्या अगदी जवळ आहे आणि मधलं पाणी उथळ, त्यामुळे ओहोटीला पोहायचं म्हटलं तर घोट्याएवढं पाणी आणि पायाखाली टोचणारं कोरल. रीफ शूज घालून खेकडे, निळे स्टारफिश बघत हिंडायला छान आहे, पोहायला नाही, पोहायचं ते भरतीच्या दोन-तीन तासांत. याला अपवाद नातांदोला, तिथे प्रवाळाच्या भिंतीत खिंड आहे, पांढरी वाळू आहे आणि कधीही पोहता येतं, पण लाटा जरा दांडग्या. दुसरा दोष म्हणजे जोराचा पाऊस झाला की नद्या-ओढ्यांच्या मुखाजवळ समुद्र चहासारखा दिसतो आणि एखाद-दोन दिवस तसाच राहतो. सिंगातोका नदीच्या जवळचं हॉटेल त्यामुळे टाळलेलं बरं. तिसरा डास. दिवसा चावणारे, आणि पावसाळ्यात फिजीत डेंग्यू असतो, त्यामुळे मलम, फुल बाह्यांचे शर्ट वगैरे घेऊन जा. वारा लागणाऱ्या छोट्या बेटावर डास कमी वाटले मला.

एवढे दोष असूनही पाऊस सलग लागला की पारडं फिरतं. रोजचा पाऊस तसा सोयीचा असतो, सकाळ बहुतेक मोकळी, दुपारी उकडायला लागतं, चारच्या सुमाराला कोसळतो आणि संपतो. त्याचं काही नाही. पण एखादा कमी दाबाचा पट्टा अडकला की दोन-तीन दिवस थांबतच नाही, आणि तेव्हा छोट्या बेटावर तुम्ही, एक बार, एक जेवणाची शेड, एक टेबल टेनिसचं टेबल आणि तेच तेच लोक. नारळाच्या करवंटीचे दागिने करायचा वर्ग पहिल्या दिवशी छान वाटतो. जेवणाचा प्लॅन बहुतेक बेटांवर घ्यावाच लागतो कारण दुसरीकडे जेवायला जागाच नसते, आणि शाकाहारी माणसाच्या वाट्याला पास्ता आणि भोपळ्याची करी आळीपाळीने येते.

कोरल कोस्टला पाऊस लागला की आम्ही सरळ रस्त्यावर येऊन बस पकडायचो. तिथल्या साध्या बसला खिडकीला काचाच नसतात, गुंडाळलेली ताडपत्री असते, पाऊस आला की सगळे एकदम खाली सोडतात आणि आत अंधार, वर रेडिओवर जुनी हिंदी गाणी. आई त्या बसवरच जास्त खूष होती. सिंगातोकाच्या मार्केटमध्ये फिजी इंडियन बायका भेंडी, वांगी, मिरच्यांचे वाटे लावून बसलेल्या, त्यांच्याशी तिचं हिंदी आणि त्यांचं फिजी हिंदी असं जमून गेलं, कुणाचे पणजोबा बस्तीचे, कुणाचे आणखी कुठले. १८७९ ते १९१६ मध्ये सुमारे ६०,००० माणसं गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, भारतातून ऊस तोडायला आणली गेली, त्यांची ही नातवंडं-पणतवंडं. मार्केटच्या आसपास साध्या खाणावळींत रोटी, डाळ, बटाटा-वांग्याची भाजी मिळते, गरम आणि स्वस्त. आणि रोरो म्हणून अळूची पानं नारळाच्या दुधात शिजवतात ती नक्की मागा, पण त्यात मासे-मटण नाही ना ते विचारून.

पाऊस जरा थांबला तर सिंगातोकाच्या वाळूच्या टेकड्या आहेत, १९८९ मध्ये झालेलं फिजीचं पहिलं राष्ट्रीय उद्यान, ओली वाळू घट्ट असते म्हणून मला तर पावसानंतर चढायला सोपं गेलं. अगदीच दिवसभर पडणार असं दिसलं तर सुवा. गाडीने दोन-अडीच तास, आणि तिथलं थर्स्टन गार्डन्समधलं म्युझियम पावसाळी दिवसासाठीच बांधलंय असं वाटावं, गिरमिटाचं दालन आहे, जुन्या मोठ्या होड्या आहेत, आणि १८६७ मध्ये ज्या पाद्री बेकरला मारून खाल्लं त्याच्या बुटाचा तळही ठेवलाय. आमच्या मुलाला अख्ख्या फिजीतलं तेवढंच पाठ आहे.

चक्रीवादळांचं दोन्हीकडे सारखंच, सीझन तोच. २०१२ च्या डिसेंबरमध्ये इव्हान पश्चिमेकडे येऊन गेलं, २० फेब्रुवारी २०१६ ला विन्स्टन आलं त्यात ४४ माणसं गेली. घाबरवायला सांगत नाहीये, बहुतेक आठवडे काहीही न होता जातात. पण इन्शुरन्स तिकिटाबरोबरच काढा, वादळाला एकदा नाव पडलं की त्यानंतर काढलेली पॉलिसी सहसा त्या वादळासाठी उपयोगाची नसते. शिवाय मोठ्या बेटावर असलात तर निदान रस्ता असतो, क्वीन्स रोड अधूनमधून पाण्याखाली जातो आणि नांदी गावातही पूर येतो, तरी सहसा लवकरच गाड्या चालू होतात. आईबाबा व्हिजिटर व्हिसावर असतील तर तो मल्टिपल एंट्री आहे का हे बुकिंगच्या आधी बघा, परत येताना लागतो.

मग बेट बघायचंच नाही का? बघा ना. कोरल कोस्टला राहून डेनाराऊहून एका दिवसाची बेटाची ट्रिप करता येते, ख्रिसमस-न्यू इयरची गर्दी सोडली तर आदल्या संध्याकाळी आकाश बघून बुक केलं तरी जागा मिळते. सकाळी लवकर निघावं लागतं, कोरोटोंगोहून दीड तास धरा. आम्ही दोघं आणि मुलगा गेलो, भरपूर स्नॉर्केल केलं, संध्याकाळी परत. आई हॉटेलच्या व्हरांड्यात लोकरीचं विणत बसली होती, तिला कुणी होडीत बस म्हटलं नाही याचाच आनंद.

बरोबर वयस्कर माणूस आहे आणि तरी बेटावर राहायचंच आहे असं असेल तर मालोलो लाइलाय बघा. तिथे बोट धक्क्याला लागते, पाण्यात उतरावं लागत नाही, आणि एकाच बेटावर एकापेक्षा जास्त रिसॉर्ट असल्याने चालत जाऊन दुसरीकडे जेवता येतं. मी तिथे राहिलेलो नाही, जाऊन आलोय फक्त, पण बेटांमधला पावसाळ्यासाठी तोच सगळ्यात कमी त्रासाचा वाटला. नवीन लग्न झालेल्यांना माझं म्हणणं पटायचं नाही आणि पटायची गरजही नाही, त्यांनी बेटच घ्यावं, फेब्रुवारी-मार्चमध्ये रेट चांगले पडतात. बाकीच्यांनी नातांदोला ते कोरोटोंगो या पट्ट्यात, नदीच्या मुखापासून लांब, तळमजल्यावरची आणि रुंद व्हरांड्याची खोली शोधा, आणि बुकिंग करण्याआधी त्या आठवड्याचं भरती-ओहोटीचं टेबल एकदा उघडून बघा, दिवसाउजेडी भरती केव्हा येतेय ते.