खाडीकाठच्या दोन हिवाळ्यांनंतर ८ बाय ४२ ची दुर्बीण

ऐरोलीची खाडी, उरणच्या पाणथळ जागा आणि अलिबागजवळचा आक्षीचा किनारा येथे पक्षी पाहण्यासाठी गेले दोन हिवाळे मी बारा हजार रुपयांची ८ बाय ४२ ची (म्हणजे आठपट मोठे दाखवणारी, ४२ मिलिमीटर व्यासाच्या पुढच्या भिंगांची) दुर्बीण वापरत आहे. कंपनीचे नाव मुद्दामच लिहीत नाही.

दुकानात दहापटीच्या दुर्बिणीचा आग्रह झाला होता. तो मानला नाही, हे बरे झाले. ऊन चढू लागले की चिखलावरची हवा लहरू लागते, वाऱ्याने हातही स्थिर राहत नाहीत, आणि मग पक्ष्याबरोबर ती थरथरही दहापट मोठी होऊन दिसते. आठपटीत दृश्याचा आवाका मोठा मिळत असल्याने तुतारींचा (सँडपायपर या किनारी पक्ष्यांचा) थवा एकाएकी उडून वळला तरी नजरेतून निसटत नाही. ४२ ला ८ ने भागले की सव्वापाच मिलिमीटरचा प्रकाशझोत डोळ्यापर्यंत येतो, आणि सूर्योदयापूर्वीच्या धूसर उजेडात त्याचा उपयोग कळतो.

ठाणे खाडीच्या रोहित (फ्लेमिंगो) अभयारण्यात (२०१५ साली घोषित झालेल्या या क्षेत्राला २०२२ मध्ये रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जाही मिळाला) भरती चढू लागली की चिखल आक्रसत जातो आणि पक्षी काठाकडे सरकतात. अशा वेळी थोरल्या रोहिताची गुलाबी, टोकाशीच काळी असलेली चोच आणि धाकट्याची जवळजवळ संपूर्ण काळपट लाल चोच यांतला फरक शंभरेक मीटरवरूनही स्पष्ट दिसला. आक्षीला मात्र ओहोटीत दूरवर पांगलेले, हिवाळी करड्या पिसाऱ्यातले चिखल्ये (प्लोव्हर पक्षी) चोचीच्या लांबीवरून वेगळे करणे हिला जमले नाही. पण ते काम तिपाईवरच्या मोठ्या दुर्बिणीचेच असल्याने त्याचा दोष हिला देता येणार नाही.

खरी तक्रार उजव्या नळीवरच्या, दोन डोळ्यांच्या नंबरातला फरक जुळवणाऱ्या कड्याविषयी आहे. पहिल्या हंगामातच ते सैल झाले आणि पिशवीत आपोआप फिरू लागले. शेवटी वीजकामाची चिकटपट्टी गुंडाळून ते जखडावे लागले. चष्मा लावून पाहिल्यास दृश्याच्या कडा कापल्या जातात, म्हणून चष्मेवाल्यांनी दुकानात स्वतः पाहिल्याशिवाय ही घेऊ नये. आत नायट्रोजन भरलेला असल्याने काचा आतून अद्याप धुरकटलेल्या नाहीत, तरी किनाऱ्यावरून परतल्यावर बाहेरच्या काचेवर खाऱ्या हवेचा चिकट थर बसलेला असतोच. आधी फुंकणीने वाळू उडवून मग गोड्या पाण्याने किंचित ओलसर केलेल्या मऊ कापडाने तो टिपावा. घाईने सदऱ्याच्या टोकाने पुसून मी एक बारीक ओरखडा कायमचा करून घेतला आहे.

चष्मा नसलेल्या नवशिक्याला मी हीच घ्यायला सांगेन. पट्टा मात्र पहिल्याच दिवशी बदलावा. मूळचा अरुंद नायलॉनचा पट्टा दुपारपर्यंत मानेला चांगलाच काचतो.