‘मॅक्रो’ लिहिलेला कॅमेरा : स्केल मॉडेलच्या फोटोंसाठी खरेदी करताना कुठे कुठे फसवलं जातं

स्केल मॉडेलचे जवळून फोटो काढायला कॅमेरा शोधू लागलं, की ऑनलाइन बाजारात एक ठरावीक माल सगळ्यात आधी समोर येतो. ‘५६ मेगापिक्सेल, फोर-के, १६एक्स झूम, मॅक्रो लेन्ससह’. सोबत मेमरी कार्ड, दोन बॅटऱ्या, छोटा ट्रायपॉड. ब्रँडचं नाव कधी कानावर आलेलं नसतं, पण खाली पाच-पाच तारे आणि कौतुकाच्या ओळी भरपूर असतात. आमच्या मॉडेलर मंडळींपैकी एकाने १:७२ च्या (खऱ्या विमानाच्या बहात्तराव्या आकाराच्या) मिग-२१ चे फोटो काढायला असाच एक संच घेतला. फोटो नव्वद टक्के धूसर. विक्रेत्याचं उत्तर : ‘लाइट कमी पडतोय, सेटिंग शिका.’ सेटिंग शिकण्यासारखं त्या कॅमेऱ्यात काही नव्हतंच. परत देण्याची मुदत मात्र या शिकण्यात निघून गेली. ही फसवणूक अशीच पचते. दोष वस्तूत असतो आणि घेणाऱ्याला वाटतं आपल्यालाच जमत नाही.

त्या डब्यात काय असतं ते नीट सांगायला हवं. आत फोनमधल्यासारखा छोटा सेन्सर आणि पुढे फिक्स्ड-फोकस लेन्स, म्हणजे फोकस एकाच जागी बसवून टाकलेला. अशा लेन्समध्ये साधारण एक मीटरपासून पुढचं बरं दिसतं, त्याच्या अलीकडचं धूसर. खरे मेगापिक्सेल पाचच्या, फार तर आठ-तेराच्या घरात. बाकीचे आकडे इंटरपोलेशनने, म्हणजे आहेत त्याच पिक्सेलच्या मध्ये नवे भरून, फुगवलेले. ‘१६एक्स’ हा डिजिटल झूम. लेन्स जागची हलत नाही, फक्त चित्राचा मधला तुकडा कापून ताणला जातो.

आता हिशेब करा. मिग-२१ चे पंख ७.१५ मीटर, म्हणजे १:७२ मध्ये जेमतेम दहा सेंटिमीटर. एक मीटरवरून अशा लेन्सच्या चौकटीत साधारण एक मीटर रुंदीचा भाग मावतो. म्हणजे मॉडेलच्या वाट्याला चौकटीचा दहावा हिस्सा. खरा सेन्सर पाच मेगापिक्सेलचा असेल तर चित्राची रुंदी २,५९२ पिक्सेल आणि पूर्ण पंखविस्ताराला २६० पिक्सेल. तेवढ्यात पॅनेल लाइन (पत्र्यांच्या सांध्यांच्या कोरलेल्या रेघा) दिसणार नाही, डिकलवरचा (चिकटवलेल्या चिन्हावरचा) आकडा वाचता येणार नाही. उलट तोच पाच मेगापिक्सेलचा सेन्सर खऱ्या फोकस करणाऱ्या लेन्समागे असता आणि मॉडेलने चौकट भरली असती, तर प्रत्येक मिलिमीटरला पंचवीस पिक्सेल मिळाले असते. ०.२ मिलिमीटरची पॅनेल लाइन पाच पिक्सेल जाड दिसली असती. मॉडेलच्या फोटोंना मेगापिक्सेल कमी पडत नाहीत. फोकस किती जवळ होतो, तिथे घोडं अडतं. जाहिरातीत नेमका तोच आकडा नसतो.

‘मॅक्रो लेन्स’ म्हणून जी काच सोबत येते ती पुढे आट्यांवर फिरवून बसवायची. तिने फोकस जवळ येतो खरा, पण मधला थोडाच भाग धड दिसतो. कडेला पंखाची टोकं पसरतात आणि जांभळ्या-हिरव्या किनारी उमटतात. वर ऍपर्चर (लेन्समधून प्रकाश येण्याचं छिद्र) हाताने बदलता येत नाही, ते ठरवू देणारे एम किंवा ए मोड नाहीत, रॉ फाइल (सेन्सरची प्रक्रिया न केलेली मूळ नोंद) नाही. माल घरी आलाच असेल तर पहिल्याच दिवशी एक चाचणी करा. अर्ध्या मिलिमीटरच्या खुणा असलेली स्टीलची फूटपट्टी भरपूर उजेडात सपाट ठेवा आणि सर्वांत जास्त मेगापिक्सेलवर फोटो काढा. त्याची एक प्रत संगणकावर रुंदीने एक तृतीयांश करा, मग पुन्हा मूळ आकाराला वाढवा. मूळ फोटो आणि ही प्रत यांत फरकच दिसत नसेल, तर त्या पिक्सेलमध्ये माहिती नव्हती. हा पुरावा तक्रारीत कामाला येतो, म्हणून मूळ फाइल जपा.

दुसरी फसवणूक नामांकित कंपन्यांच्या मालावरच होते आणि तिला जाणते लोकही बळी पडतात. दुकानदार डीएसएलआर (लेन्स बदलता येणाऱ्या) बॉडीसोबत ७०-३०० मिलिमीटरची झूम लेन्स गळ्यात मारतो, कारण तिच्यावर ‘मॅक्रो’ छापलेलं असतं. खरी मॅक्रो लेन्स म्हणजे १:१, सेन्सरवर वस्तू जेवढ्यास तेवढी. यातल्या काही झूम १:२ पर्यंत जातात, तेही फक्त लांब टोकाला आणि स्वतंत्र बटण सरकवून; पुष्कळशा १:४ वरच थांबतात. १:४ म्हणजे ०.२५ पट. कॅननची ईएफ-एस १८-५५ आयएस एसटीएम ही साधी किट लेन्स ०.३६ पट देते, निकॉनची एएफ-पी १८-५५ व्हीआर ०.३८ पट. ज्याला जवळ जायचं म्हणून जादा पैसे मोजायला लावले, त्याच्या हातातली फुकटची किट लेन्स त्याहून जवळ जात होती. लांब झूमचा एक फायदा खरा आहे, तो पुढे येईल, पण ‘मॅक्रो’ या नावाखाली तिचे पैसे घेणं चूक आहे.

मग मॉडेलला लागतं तरी किती? बहुतेक साध्या डीएसएलआरमधला एपीएस-सी सेन्सर सुमारे २३.५ मिलिमीटर रुंद असतो (कॅननचा २२.३). मिगचे पंख थोड्या मोकळ्या जागेसह बसवायला चौकट १२ सेंटिमीटरची, म्हणजे ०.२ पट. किट लेन्स सुमारे सव्वासहा सेंटिमीटरच्या चौकटीपर्यंत उतरते; १:३५ चा सैनिक पाच सेंटिमीटर उंच असतो, तो आडव्या चौकटीत उभा मावतही नाही आणि कॅमेरा उभा धरला तर चौकट जवळजवळ भरतो. १:१ ची गरज पडते ती कॉकपिटमधलं डायल पॅनेल, १:७२ च्या वैमानिकाचा चेहरा, चाकाचं हब अशा गोष्टींना. तुम्ही तेवढं खोलात जात नसाल तर मॅक्रो लेन्सचा खर्च आज करूच नका. करायचा असेल तर जुनी ६० मिलिमीटरची मॅक्रो बघा. निकॉन तिला ‘मायक्रो’ म्हणते. ऑटोफोकस चालला नाही तरी या कामात काही अडत नाही. निकॉनची ४० मिलिमीटर स्वस्त पडते, पण १:१ ला तिचं तोंड मॉडेलच्या इतकं जवळ जातं की स्वतःचीच सावली पडते.

दुकानात हे सगळं पडताळायला एक फूटपट्टी पुरते. ती काउंटरवर ठेवा, लेन्स मॅन्युअल फोकसवर सर्वांत जवळ फिरवा, कॅमेरा पुढेमागे करून खुणा स्पष्ट होतील तिथे फोटो काढा आणि चौकटीत किती मिलिमीटर मावले ते मोजा. सेन्सरची रुंदी भागिले तो आकडा म्हणजे खरं मॅग्निफिकेशन. खोक्यावरच्या ‘किमान अंतर २५ सेंमी’ला भुलू नका आणि घाबरूही नका, ते अंतर बॉडीवरच्या रेघ मारलेल्या गोल खुणेपासून, म्हणजे सेन्सरपासून मोजतात. लेन्सच्या तोंडापुढे त्याच्या निम्म्याच्या आसपास जागा उरते.

कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याच्या बाबतीत ‘१ सेंमी मॅक्रो’ हे खोटं नसतं, अर्धवट असतं. बहुतेक कॅमेऱ्यांत तो आकडा झूम पूर्ण मागे, वाइड टोकाला असतानाच लागू होतो. झूम थोडा पुढे नेला की किमान अंतर तीस-चाळीस सेंटिमीटरवर जाऊ शकतं. आणि एक सेंटिमीटरवरून मॉडेलचा फोटो काढणंच चुकीचं. १:७२ मध्ये कॅमेरा वीस सेंटिमीटरवर असेल तर डोळा खऱ्या विमानापासून १४.४ मीटरवर उभा आहे. एक सेंटिमीटरवर आणला की तो ७२ सेंटिमीटरवर येतो, नाक फुगतं, शेपूट बारीक होते आणि मॉडेल खेळणं वाटू लागतं. शक्य तेवढं लांबून, थोडी लांब फोकल लेंग्थ वापरून काढलेला फोटोच विमानतळावरून पाहिल्यासारखा दिसतो. ७०-३०० चा खरा उपयोग हाच.

सेकंडहँड बाजार या छंदाला सोयीचा आहे, कारण मॉडेल हलत नाही. वेगवान ऑटोफोकस, सेकंदाला दहा फोटो, उच्च आयएसओ, यांतलं काहीच लागत नाही. ट्रायपॉड, आयएसओ १००, दोन सेकंदांचा टायमर आणि अर्ध्या सेकंदाचं एक्स्पोजर एवढ्यावर दहा वर्षांपूर्वीची बॉडी उत्तम काम देते. मात्र इथे फसवण्याच्या तऱ्हा वेगळ्या. फाइलचं नाव दाखवून ‘फक्त ८०० फोटो झालेत’ सांगतात. फाइलचा क्रमांक ९९९९ नंतर पुन्हा सुरू होतो आणि मेनूतून केव्हाही शून्यावर आणता येतो. निकॉनमध्ये खरा शटर काउंट (शटर किती वेळा उघडलं तो आकडा) फोटोच्या एक्झिफमध्ये, म्हणजे फाइलसोबत साठवलेल्या माहितीत असतो, त्यामुळे मूळ जेपेग मागून घ्या, व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेला नको; त्यातली माहिती गळून जाते. कॅननमध्ये बहुधा केबल जोडून सॉफ्टवेअरने वाचावा लागतो.

तरी टेबलावरच्या कामाला शटर काउंटपेक्षा सेन्सरवरची घाण आणि लेन्समधली बुरशी जास्त नडते. आपण एफ/११, एफ/१६ वर, म्हणजे ऍपर्चर बारीक करून काम करतो आणि नेमके तिथेच सेन्सरवरचे ठिपके उठून दिसतात. पांढऱ्या भिंतीकडे फोकस बिघडवून एफ/१६ ला फोटो काढा आणि पूर्ण वाढवून बघा. हवेने उडणारी धूळ चालेल, तेलाचे गोल डाग म्हणजे सफाईचा खर्च. लेन्स मागून टॉर्च मारून तिरकी बघा. कोळिष्टकासारखे धागे दिसले तर बुरशी. मुंबई-कोकण-गोव्यातल्या पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या लेन्सना ती हमखास लागते. विक्रेता ‘थोडी धूळ आहे’ म्हणतो. ती लेन्स स्वस्तातही नको.

आणखी एक जोडी ओळखून ठेवा : जुनी निकॉन डी३१००, डी५१०० किंवा डी९० ची बॉडी आणि तिच्यावर नवी दिसणारी एएफ-पी १८-५५. ही लेन्स त्या बॉडींवर चालत नाही. ऑटो तर नाहीच, तिचं मॅन्युअल फोकसही विजेवर फिरतं, त्यामुळे तेही होत नाही. फोटोत संच चकाचक दिसतो, हातात आल्यावर फोकसच हलत नाही. खोक्यावरचा, बॉडीखालचा आणि बिलावरचा सीरियल नंबर एकच आहे ना, लेन्सचा नंबरही बिलावर आहे ना, हे नव्या मालातसुद्धा बघा. किट फोडून आतली लेन्स बदलणं आणि भारतातली वॉरंटी नसलेला ग्रे माल ‘शोरूम वॉरंटी’ म्हणून देणं हे दोन्ही प्रकार चालतात. मुंबईच्या फोर्टातल्या बोरा बाजारासारख्या ठिकाणी जाऊन वस्तू हाताळून घेता येत असेल तर तेच करा.

स्वस्त जोडण्यांत सगळ्यात जास्त माती होते ती एक्स्टेन्शन ट्यूबमध्ये, म्हणजे जवळ फोकस व्हावा म्हणून बॉडी आणि लेन्सच्या मध्ये बसवायच्या पोकळ नळीत. विजेचे संपर्क नसलेल्या ट्यूबवर कॅननची ईएफ लेन्स पूर्ण उघडीच राहते. ०.३६ पटीला एफ/५.६ म्हणजे फोकसची खोली (एका वेळी स्पष्ट दिसणारी जाडी) सव्वादोन मिलिमीटर : कॅनोपीची चौकट स्पष्ट, आतला वैमानिक धूसर. निकॉनच्या जी लेन्सचं (जिच्यावर ऍपर्चरची कडी नसते) उलट होतं, ऍपर्चर बारीक मिटून बसतं आणि व्ह्यूफाइंडर काळोखा. संपर्क असलेल्याच ट्यूब घ्या. लेन्सच्या पुढे लावायच्या +१, +२, +४, +१० च्या काचांचा संच एकेरी भिंगांचा असतो; त्यातली +१० तर बॉक्समध्येच राहू दे. दोन-तीन भिंगं चिकटवलेला ॲक्रोमॅट, जसा रेनॉक्सचा डीसीआर-१५०, पैसे वसूल करतो.

‘या कॅमेऱ्यात नाकापासून शेपटीपर्यंत सगळं फोकसमध्ये येतं’ असं कुणी म्हणालं तर आकडे मागा. पूर्ण मिग तिरका ठेवला तर खोली चौदा सेंटिमीटरच्या आसपास होते. एपीएस-सीवर तेवढी चौकट धरून एफ/१६ ला चार सेंटिमीटर आणि एफ/८ ला दोन सेंटिमीटरच स्पष्ट येतात. एफ/२२ च्या पुढे विवर्तनाने, म्हणजे बारीक छिद्रातून प्रकाश पसरल्याने, सगळंच मऊ पडतं. उपाय फोकस स्टॅकिंग : एफ/८ ला एकमेकांवर थोडे चढणारे नऊ-दहा फोटो काढून हेलिकॉन फोकस किंवा झेरीन स्टॅकरमध्ये जोडायचे. पुष्कळ कॅमेऱ्यांतलं ‘फोकस ब्रॅकेटिंग’ फोटो नुसते काढून देतं, जोडत नाही. दुकानदार दोन्हींना स्टॅकिंग म्हणतो.

सेकंडहँडचा व्यवहार फोनवरून ठरला आणि समोरचा म्हणाला, ‘तुमचे टोकनचे पैसे परत पाठवतो, क्यूआर स्कॅन करून पिन टाका’, तर तिथेच थांबा. यूपीआय पिन पैसे देतानाच लागतो, घेताना कधीच नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन; पहिल्या काही तासांत रक्कम पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता असते. ऑनलाइन दुकानातून चुकीचा माल आला तर खोकं सलग व्हिडिओ काढतच उघडा, पत्त्याच्या लेबलापासून. जाहिरातीच्या पानाचे स्क्रीनशॉट त्याच दिवशी घ्या, नंतर ‘५६ मेगापिक्सेल’चं ‘१३’ झालेलं असतं. आयात मालाच्या खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी आणि मूळ देश छापणं बंधनकारक आहे. ते नसेल तर त्याचाही फोटो. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचं असतं. तिथे दाद लागली नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग : पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि मुदत दोन वर्षांची. अर्जाला फूटपट्टीच्या फोटोची मूळ फाइल आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट शेजारी शेजारी जोडा.