एलबी, ग्लुकोज की ग्लिसरॉल? पुटिडाला काय खायला घालावं

परवा भाची दांडिया बाजारातल्या आमच्या घरी आली ती प्रश्न घेऊनच: "मावशी, ग्लुकोज टाळायचंच ना?" एमएस्सीच्या प्रकल्पात तिला कोंड्यातल्या फेरुलिक आम्लापासून व्हॅनिलिन (व्हॅनिलाचा वास देणारं रसायन) करायचंय, स्युडोमोनास पुटिडा या जीवाणूकडून.

तिची भीती ई. कोलाय या दुसऱ्या जीवाणूवरून आलेली. ग्लुकोज असेपर्यंत तो लॅक्टोजकडे वळत नाही. जॅक मोनो यांनी १९४१ मध्ये मांडलेला, मधेच थबकणारा वाढीचा आलेख आपण सगळ्यांनी परीक्षेत काढलाय. पुटिडाची आवड निराळी. त्याला आधी सेंद्रिय आणि अमिनो आम्लं हवीत, ग्लुकोज त्यानंतर. आवडीचं भरपूर मिळालं की सीआरसी आणि एचएफक्यू ही प्रथिनं इतर अन्न पचवणाऱ्या एन्झाइमांच्या एमआरएनएला (जनुकाच्या संदेशाच्या प्रतीला) चिकटून ती एन्झाइमं बनूच देत नाहीत.

म्हणून मला खरा धोका एलबी या नेहमीच्या पोषक माध्यमाचा वाटतो. अमिनो आम्लांनी भरलेलं, वाढ झपाट्याने, आणि हे दडपणही सर्वांत जास्त. एकदा गच्च गढूळ फ्लास्क पाहून मी खूश झाले होते. चार तासांचा नमुना टीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगवेगळ्या ठिपक्यांत दाखवणाऱ्या पट्टीवर) लावला, तर फेरुलिकचा ठिपका जसाच्या तसा!

ग्लुकोजमध्ये दडपण एलबीपेक्षा कमी आणि वाढ भरवशाची. फक्त पुटिडा त्याचं बरंचसं पेशीच्या बाहेरच्या बाजूलाच ग्लुकॉनिक आम्ल करून टाकतो, त्यामुळे पीएच घसरतो. पीएच सांभाळणाऱ्या बफरमध्ये कंजुषी नको.

ग्लिसरॉल स्वस्त, पण वाढ सुरू व्हायलाच कित्येक तास जातात. तीन महिन्यांच्या प्रकल्पाला ते झेपणार नाही.

मी तिला सांगितलं: ग्लुकोज आणि क्षार एवढंच असलेल्या मिनिमल माध्यमात वाढव, एन्झाइमं जागी व्हावीत म्हणून थोडं फेरुलिक तेव्हाच घाल. मग सेंट्रिफ्यूज करून पेशी धू आणि ताज्या बफरमध्ये फेरुलिकसोबत ठेव. फेरुलिक थोडं थोडं दे, कारण साचलेलं व्हॅनिलिन पेशींनाच मारतं. आणि मूळ वाण घेऊ नकोस. त्यात व्हीडीएच हे एन्झाइम व्हॅनिलिनचं व्हॅनिलिक आम्ल करून टाकतं, आणि पेशी ते पुढे पचवतात. या एन्झाइमचं जनुक काढलेला वाण गाइडकडे आहे का, ते कार्बनचा स्रोत ठरवण्याआधी विचार.

शिवाय पुटिडाला ३० अंश लागतात. बडोद्याच्या मे महिन्यात फ्लास्क हलवत ठेवणाऱ्या साध्या शेकरला ते जमत नाही, तेव्हा कूलिंगवाला आत्ताच अडवून ठेव.